डोळे उघडलेलंच सीताफळ घ्या

घटस्थापनेच्या आसपास सोलापुरात सीताफळाच्या पाट्या दिसायला लागतात, त्या दिवाळी होईपर्यंत हलत नाहीत. बार्शी-वैरागकडचा माल येतो, तुळजापूरच्या डोंगराकडचा येतो. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांना तर वाटेतच पाट्या मांडलेल्या भेटतात. माझं माहेर वैरागकडचं. तिथं बांधावरच्या सीताफळाला कुणी मुद्दाम पाणी देत नाही, तरी भाद्रपद सरता सरता झाडं लगडलेली असतात. इतकं गुणी फळ आपण घरी आणून दोन ठिकाणी वाया घालवतो, कच्चं असताना फ्रिजमध्ये आणि पिकल्यावर गॅसवर. या दोन्हींपासून त्याला लांब ठेवलं की बाकी काही अवघड नाही.

घेताना रंगाआधी डोळे बघायचे. सालीवरचे जे उंचवटे, ते डोळे. फळ झाडावर पुरतं तयार झालं की दोन डोळ्यांमधली खाच रुंदावते आणि तिथं पिवळसर-पांढरी रेघ दिसायला लागते. हे झालं डोळे उघडणं. फळ दगडासारखं टणक असलं तरी डोळे उघडलेले असतील तर ते घरी हमखास पिकतं. डोळे घट्ट मिटलेले आणि साल गडद हिरवी असेल तर ते कोवळं तोडलेलं आहे. ते कितीही दिवस ठेवा, सुकेल, काळं पडेल, पण गोड होणार नाही. सणाच्या तोंडावर भाव चढतो तेव्हा असं कोवळं फळ बाजारात जास्त येतं, त्यामुळे नवरात्राच्या पहिल्या माळेला घेताना जरा जास्तच निरखून घ्या.

दुसरं, डोळे मोठे आणि पसरट बघा. प्रत्येक डोळ्याच्या आत एक पाकळी असते आणि बहुतेक पाकळ्यांत एक बी. डोळे बारीक आणि दाटीवाटीचे असले की पाकळ्या लहान, म्हणजे बियाच जास्त. खाचांमध्ये कापसासारखं पांढरं काही चिकटलेलं दिसलं तर ती पिठ्या ढेकूण नावाची कीड. आतला गर बहुधा चांगला निघतो, पण ते फळ बाकीच्यांत मिसळू नका, ब्रशनं धुऊन वेगळं ठेवा. देठापाशी तडकलेलं फळ मात्र घेऊच नका, तिथून मुंग्या आणि चिलटं आधीच आत गेलेली असतात. सालीवर एखाददुसरा काळा डाग असला तर घाबरायचं कारण नाही.

आणि दाबून बघू नका हो! तुमच्या अंगठ्याची खूण दुसऱ्या दिवशी काळी पडते आणि ते फळ त्या विकणारीच्या गळ्यात पडतं. त्यापेक्षा तिलाच विचारा. कस्तुरबा मंडईत मी ज्यांच्याकडून घेते त्या अक्का आधी मलाच विचारतात, "वैनी, आज खायचं का परवा?" हाच प्रश्न खरा. आज रात्रीसाठी दोन मऊ आणि बाकीची टणक पण डोळे उघडलेली, अशी मिसळून घ्या. सगळी एकदम मऊ घेतलीत तर सगळी एकाच दिवशी उरकावी लागतात.

जातींबद्दल थोडं. गावरान फळ लहान, बिया जास्त, पण वासाला आणि गोडीला त्याच्या जवळपास कुणी येत नाही. पिकलं की मात्र एका दिवसात संपवायचं. बाळानगर जरा मोठं आणि गराला बरं. आणि आपल्या जिल्ह्यानं अभिमान बाळगावा असं फळ म्हणजे एनएमके-१ गोल्डन. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळे गावचे शेतकरी नवनाथ कसपटे यांनी ते निवडीतून तयार केलं. फळ मोठं, बिया कमी, झाडावर तडकत नाही आणि पिकल्यावरही इतरांपेक्षा जास्त टिकतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही चाखून बघण्यासारखं आहे. माझं मत विचाराल तर नुसतं हातानं खायला गावरान, बासुंदीला गोल्डन.

घरी आणल्यावर, पिठ्या ढेकणाचं फळ सोडून, बाकीची टणक फळं धुवायची नाहीत. टोपलीत वर्तमानपत्र अंथरा, फळं एका थरात देठ खाली करून ठेवा, वरून कागद किंवा सुती कापड टाका आणि ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवून द्या. गावाकडे वाळक्या गवतात अढी घालतात, तत्त्व तेच. घाई असेल तर शेजारी एक पिकलेलं केळं ठेवा. केळ्यातून इथिलीन वायू सुटतो, त्यानं फळ लवकर पिकतं. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन दिवसांत फळं मऊ व्हायला लागतात, थंडी पडल्यावर चार दिवसही लागतात. सकाळ-संध्याकाळ टोपलीवर हात फिरवा आणि मऊ झालेलं लगेच बाजूला काढा, नाहीतर ते स्वतःच्या वजनानं फुटतं.

कच्चं सीताफळ फ्रिजमध्ये का नको, तर साधारण १२-१३ अंशांच्या खाली त्याला थंडी बाधते. साल काळी पडते, पिकण्याची क्रिया बंद होते, आणि नंतर बाहेर काढून ठेवलं तरी ते कडकच राहतं. पूर्ण पिकलेलं फळ मात्र एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवता येतं. साल काळपट होईल, गर चांगला राहील.

आता गर काढायचा. फळ सुरीनं कापू नका, सुरी बियांना लागते. दोन्ही अंगठ्यांनी मधून उघडा, देठाचा दांडा ओढून काढा, चमच्यानं पाकळ्या एका पातेल्यात घ्या. सालीलगतचा शेवटचा थर रवाळ, खरखरीत असतो, तो खरवडायच्या मोहात पडू नका. पातेल्यात दोन-तीन चमचे थंड दूध घाला आणि पाचही बोटं पसरून गर हलक्या हातानं गोल फिरवा. पाकळीचा पातळ पापुद्रा सुटतो आणि बी आपोआप निसटून बोटाला लागते, काळी, गुळगुळीत. मग पुरणाच्या चाळणीवर ओता, बिया वर राहतात. थोड्या पाकळ्या मात्र हातानं बी काढून अख्ख्याच ठेवा, बासुंदीत दाताखाली आल्या पाहिजेत. किलोभर फळातून निम्म्याहून कमीच गर निघतो, हा हिशोब आधीच धरा.

मिक्सर वापरायचा नाही. बी फुटली की गर कडू होतो, आणि ही बी विषारी आहे. चुकून अख्खी गिळली तर कठीण कवचामुळे ती सहसा तशीच बाहेर पडते, पण फुटलेल्या बीचं तसं नाही. उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावायची जुनी पद्धत अजून काही घरांत चालते, ती कृपा करून थांबवा. ती पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते.

बासुंदीसाठी एक लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात निम्मं होईपर्यंत आटवा, कडेची साय खरवडून आत घेत राहा. शेवटी तीन-चार चमचेच साखर घाला, कारण फळ स्वतः गोड आहे. गॅस बंद करा, दूध पूर्ण निवू द्या आणि दोन तास फ्रिजमध्ये गार करा. मगच दोन वाट्या गर आणि राखून ठेवलेल्या पाकळ्या मिसळा. गरम दुधात गर घातला किंवा गर घालून उकळी काढली की तो गुलाबी पडतो आणि कडवट होतो, मग साखर कितीही वाढवा, कडवटपणा जात नाही. वेलदोडा, जायफळ, केशर यातलं मी काहीच घालत नाही. सीताफळाचा वास नाजूक आहे, तो झाकला जातो. कोजागरीच्या दुधातही गर घालायचा असेल तर ते बिनमसाल्याचं, गार केलेलं दूध वेगळं काढून त्यातच घाला.

एवढा खटाटोप नको असेल तर गर, गार दूध आणि चिमूटभर मीठ कालवून पोळीबरोबर खा. चक्क्यात मिसळून श्रीखंडही छान होतं, फक्त चक्का चांगला टांगून कोरडा केलेला हवा.

जास्तीचा गर फ्रीझरमध्ये ठेवता येतो. हवेनं तो तपकिरी पडतो, म्हणून एका वाटीला पाव चमचा लिंबाचा रस आणि चमचाभर साखर मिसळा, लहान डब्यांत काठोकाठ भरा आणि झाकण घट्ट लावा. एका वेळी संपेल एवढाच गर एका डब्यात भरा, कारण वितळलेला गर पुन्हा गोठवायचा नाही. वापरायच्या आदल्या रात्री डबा खालच्या कप्प्यात आणून ठेवा. दोन महिन्यांपर्यंत वास चांगला राहतो, त्यानंतर तो उतरत जातो.