घोड्याच्या शिबिराला निघण्याआधी

अनुभवी प्रशिक्षक पुण्यात येतात दोन-तीन दिवस, फी दणकट असते, तेव्हा तयारी नीट करा. हेल्मेट, टाचेचे बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन. नालबंदाला आदल्या दिवशी बोलावू नका. खिळा आतल्या मांसाजवळ गेला तर घोडा ऐन शिबिरात लंगडतो. आठवडाभर आधी उरका. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीलाही दिवस लागतात.

आणि सईसला सोबत न्या. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं आणि शिकलेलं सगळं पुसलं गेलं. आपण घोड्याजवळ तासभर. चंदी, खरारा, पाणी, बाहेर काढणं, आत बांधणं, सगळं सईसच्या हातून होतं. टॉम डोरन्स आणि रे हंट या अमेरिकन अश्वप्रशिक्षकांच्या परंपरेतले प्रशिक्षक एकाच गोष्टीवर अडून बसतात: दाब ज्या क्षणी सुटतो, तिथे घोडा शिकतो. त्याने मान जराशी वळवली, वजन जरासं मागे घेतलं, की तत्क्षणी दोर ढिला. आता तुम्ही तासभर असा दोर सोडलात आणि तबेल्यात तोच दिवसभर ताणून धरला गेला, तर घोड्याने कोणाचं खरं मानायचं? सईसला दोष देऊ नका, त्याला कोणी दाखवलेलंच नसतं.

म्हणून त्याची त्या दिवसांची मजुरी, जेवण, कुंपणालगतची जागा आधीच ठरवा. मागे बाकीचे घोडे कोण बघणार, तेही. शिकवणं बहुधा इंग्रजीत चालतं. शेजारी बसून त्याला त्याच्या भाषेत सांगत राहा. मधल्या सुट्टीत दोर त्याच्या हातात द्या, नुसतं बघून हात बसत नाही. सामान उतरवायला नेलंत आणि गाडीजवळ बसवून ठेवलंत, तर नेलं नाही असंच धरा!

तळेगावकडे किंवा मुळशीकडे जायचं असेल तर घोडा गाडीत चढवायचा सराव आधी करा. पावसाळ्यात फळी निसरडी होते, गोणपाट टाका. पाणी घरचं न्या. काही घोडे परक्या पाण्याला तोंड लावत नाहीत आणि मग पोटशूळाची भीती. प्रश्न नेमका हवा: "घोडा बिघडलाय" असा नको, "रिकिबीत पाय ठेवला की पुढे सरकतो" असा. वहीत दोर कधी सुटला ते लिहा.

परतल्यावर पाणी, पाय तपासणं, चंदी नेहमीएवढीच. दुसऱ्या सकाळी दोर आधी सईसच्या हातात, मग तुमच्या.