चुकीच्या छपाईची बेसबॉल कार्डं जमवताना या चुका टाळा

बेसबॉल कार्डावर, म्हणजे बेसबॉल खेळाडूचा फोटो छापलेल्या संग्रहाच्या कार्डावर, छपाईतली गफलत दिसली की नवा संग्राहक हरखून जातो आणि विक्रेता सांगेल ती किंमत मोजतो. पण कार्डात चूक असणं वेगळं आणि त्या चुकीला भाव असणं वेगळं.

आधी एकच शोधा: छपाई चालू असताना कंपनीनं ती चूक दुरुस्त केली होती का? टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीच्या १९५७ च्या संचात नामवंत खेळाडू हँक ॲरनचा फोटो आरशातल्यासारखा उलटा छापला गेला, त्यामुळे उजव्या हातानं फलंदाजी करणारा ॲरन डावखुरा दिसतो. ती चूक कधीच सुधारली नाही, म्हणजे त्या वर्षीची त्याची सगळीच कार्डं तशी. किंमत आहे ती ॲरनची. १९६९ च्या ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर तर चक्क एका बॅटबॉयचा, म्हणजे खेळाडूंच्या बॅटी सांभाळणाऱ्या मुलाचा, फोटो आहे, पण हिशोब तोच. याउलट अप्पर डेक कंपनीच्या १९८९ च्या संचातला डेल मर्फीचा उलटा फोटो कंपनीनं सुधारला, म्हणून आधीच्या प्रतींना मागणी आहे.

प्रसिद्ध म्हणजे दुर्मीळ, असंही धरू नका. फ्लीअर कंपनीच्या १९८९ च्या कार्डावर बिली रिपकेनच्या बॅटच्या मुठीवर शिवी लिहिलेली दिसते. ते कार्ड आजही सहज मिळतं. फ्लीअरनं नंतर ती शिवी काळ्या चौकोनानं, गिरगोट्यानं, पांढऱ्या ठिपक्यानं झाकली. यातला पांढरा ठिपका खरा दुर्मीळ, आणि म्हणूनच घरी पांढरी शाई लावून केलेले नमुने विकले जातात. कार्ड दिव्याखाली तिरकं धरा. छापलेला पांढरा भाग पृष्ठभागाशी सपाट असतो, वरून लावलेल्या शाईला उंचवटा येतो.

सर्वात जपून घ्यायचं कार्ड म्हणजे १९९० च्या टॉप्समधलं फ्रँक थॉमसचं, ४१४ क्रमांकाचं, पुढच्या बाजूला नाव नसलेलं. तिथे छपाईत काळी शाईच उमटली नाही. त्यामुळे नुसतं नाव गायब नाही; आसपासची बारीक काळी रेघही काही ठिकाणी तुटलेली असते, आणि एकत्र छापलेल्या त्याच शीटवरच्या शेजारच्या काही कार्डांवरही काळा रंग कमी पडला आहे. खोडरबरानं नाव पुसणारा रेघेकडे बघत नाही. त्यानं घासलेल्या जागेची चकाकीही जाते आणि भिंगाखाली कागदाचे तंतू उठलेले दिसतात. ग्रेडिंग कंपनीनं, म्हणजे कार्ड तपासून त्याचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीनं, प्रमाणित केलेल्या प्रतीचा मोठा फोटो शेजारी ठेवून रेघ कुठे तुटते ते ताडून पाहा.

शाईचा एखादा डाग किंवा वाकडी कापणी बहुधा दोषच मानली जाते. शौकीन भेटला तर थोडे जास्त मिळतील, इतकंच. ‘लाल रंग छापलाच नाही’ म्हणून विकलं जाणारं कार्ड बरेचदा उन्हात विटलेलं असतं. मागची बाजू आणि कडाही तपासा.

कार्ड ग्रेडिंगला पाठवताना त्यात कोणत्या प्रकारची चूक आहे ते अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर लेबलवर साधं कार्ड म्हणून नोंद होऊ शकते. ती कंपनी तो प्रकार मानते का, हे फी भरण्याआधीच बघा. ग्रेडिंग कंपनीनं डबीत सीलबंद केलेलं कार्ड विकत घेत असाल तर लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पडताळा. नकली डब्याही बाजारात आहेत. सुटं कार्ड असेल तर तिरक्या उजेडातला फोटो मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तो सौदा सोडा.