मनगटावरचा पट्टा आणि पावसातली वीज

धाकट्या भावाला झोपेत आकडी येते. गुहागरला आमच्या घरी आईची खोली माजघरापलीकडे. कौलांवर पाऊस कोसळत असला की तिला काही ऐकू जात नाही. म्हणून ईएसपी३२ हा वाय-फाय असलेला छोटा संगणक-बोर्ड आणि एमपीयू६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर जोडून मनगटी पट्टा केला. सेकंदाला ३ ते ८ वेळा होणारे झटके १० सेकंद टिकले की आईच्या खोलीत घंटा.

पण भाऊ खवणीवर नारळ खवायला बसला तरी घंटा वाजायची, कारण लय जवळपास तीच. मर्यादा वाढवली तर खरी आकडी निसटायची भीती, म्हणून बटण दिलं. आधी पट्टा थरथरतो. ८ सेकंदांत बटण दाबलं तर घंटा होत नाही. आकडीत ते दाबता येत नाही.

खरा घोर दुसराच. जुलैत रात्री वीज गेली, राऊटर बंद पडला, त्यातून जाणारा घंटेचा संदेश पोचलाच नाही. सकाळी कळलं तेव्हा माझे हातपाय गळाले. आता आईच्या उशाशी बॅटरीवरचा दुसरा बोर्ड आहे. दोन्ही ईएसपी-नाऊ या बिनतारी पद्धतीने एकमेकांशी थेट बोलतात, राऊटर लागत नाही. पट्टा दर मिनिटाला आपण चालू असल्याची खूण पाठवतो. सलग तीन चुकल्या तरी घंटा वाजते.

नुसतं टक लावून बघण्याची आकडी याला कळत नाही, येणारी आधी सांगताही येत नाही. गोळ्या डॉक्टरांच्याच. आई आता कांदा हुंगवत नाही. कुशीवर वळवते, घड्याळ बघते. ५ मिनिटांवर गेलं तर १०८. कोड खुला ठेवलाय, कुणीही घ्या.