जुना सर्फबोर्ड पुन्हा लाटेवर न्यायचा आहे? आधी तो वाळवा

जुना सर्फबोर्ड हाती आला की पहिला मोह होतो तो त्याला नव्यासारखा चकाचक करण्याचा. पिवळेपणा घालवावा, भेगा लांबीने बुजवाव्यात, वरून रंगाचा एक हात मारावा. कृपा करून असं करू नका. पिवळा पडलेला बोर्ड लाटेवर झकास चालतो. पाणी मुरलेला चालत नाही. आतला फोम कोरडा करायचा आणि त्यावरचं फायबरग्लास कापडाचं कवच पुन्हा बंद करायचं, सगळी मेहनत यासाठीच. बाकीचं हौसेचं.

घेण्याआधी पारखा

शेपटाच्या बाजूला उभं राहून, एक डोळा मिटून नाकाकडे पाहा. मधली लाकडी पट्टी, म्हणजे स्ट्रिंगर, सरळ रेषेत गेली पाहिजे. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी चीर असेल आणि तिथेच स्ट्रिंगरही तुटलेला असेल, तर तो बोर्ड कधीतरी मोडून जोडलेला आहे. हे काम पहिल्यांदाच करणाऱ्याने तो घेऊ नये.

मग टिचक्या मारत सगळ्या अंगावरून जा. धडधाकट जागी आवाज टणक येतो. जिथे बद्द वाजेल तिथे अंगठ्याने दाबा. कवच दबून पुन्हा वर येत असेल, बारीक करकर ऐकू येत असेल, तर फायबरग्लासचा पापुद्रा फोमपासून सुटला आहे. तळहाताएवढी एखादी जागा असेल तर दुरुस्त होते. उभं राहण्याची सगळीच जागा पोकळ झाली असेल, तर तो बोर्ड भिंतीवर शोभेल.

वयाचा अंदाजही इथेच घ्या. पॉलियुरेथेन फोमचे बोर्ड रुळले ते 1950 च्या दशकाच्या शेवटी, होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांच्या कामातून. त्याआधी बाल्सा लाकडाचं राज्य होतं. कवचातच पक्का बसवलेला एकच मोठा फिन (शेपटाखाली उभं असलेलं, दिशा धरून ठेवणारं पातं), नऊ फुटांच्या पुढची लांबी आणि लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, अडकवायची सोयच नाही, असं दिसलं तर बोर्ड बहुधा 1960 च्या दशकातला. लीश आली 1970 च्या दशकात. तीन फिनची रचना 1981 मध्ये सायमन अँडरसन यांनी स्पर्धा जिंकून गाजवली, तेव्हा तसे बोर्ड सहसा त्यानंतरचे. स्ट्रिंगरजवळ पेन्सिलीने लिहिलेली मापं आणि घडवणाऱ्याची सही शोधा. नामवंत कारागिराचा, मूळ स्थितीतला बोर्ड निघाला तर सँडपेपर लावण्याआधी जाणकाराला दाखवा. एकदा घासून गेलेलं मूळ परत येत नाही.

मेण काढा

पाय घसरू नये म्हणून बोर्डावर मेण लावलेलं असतं. ते काढायला बोर्ड काही मिनिटं उन्हात ठेवा. मेण मऊ झालं की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि उरलेला ओशटपणा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घ्या. उघड्या फोमला मात्र ते लागू देऊ नका. मेणाचा अंश राहिला तर रेझिन, म्हणजे दुरुस्तीला वापरायचा घट्ट होऊन कडक बनणारा चिकट द्रव, धरत नाही.

उघडा आणि वाळवा

आता खरं काम. वरून केसाएवढी दिसणारी भेग आत बोटभर पसरलेली असू शकते, म्हणून प्रत्येक खोक उघडी करा. सुटलेलं फायबरग्लास धारदार चाकूने कापून टाका. तपकिरी पडलेला, चुरा होणारा फोम चांगला घट्ट फोम लागेपर्यंत कोरून काढा. जुनी दुरुस्ती संशयास्पद वाटली तर तीही उकला, कारण ओल्या फोमवरच लांबी थापलेले बोर्ड सर्रास विकले जातात. मीठ हवेतली ओल ओढत राहतं, तेव्हा उघड्या जागा एकदा गोड्या पाण्याने धुवा. मग सगळ्यात मोठी खोक सगळ्यात खाली येईल असा बोर्ड उभा करा. जागा सावलीची, कोरडी, वारा खेळणारी हवी. लवकर वाळावा म्हणून तासन्‌तास उन्हात ठेवू नका. आतली हवा आणि वाफ फुगून पापुद्रा आणखी सुटतो.

वाळला हे हाताला कळत नाही. खोकीवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतून बारीक थेंब दिसले तर फोम अजून ओला आहे. जोडीला वजन करत राहा: बोर्ड घेऊन काट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. आठवडाभर आकडा हलला नाही आणि प्लास्टिकही कोरडं राहिलं, की पुढे जा. याला महिना-दोन महिने लागले तरी लागू द्यात. ओल कोंडून बंद केलेला बोर्ड आतून सडत जातो आणि वरचा थर पुन्हा सुटतो.

रेझिन कोणतं?

जुने बोर्ड बहुतेक पॉलियुरेथेन फोम आणि पॉलिएस्टर रेझिनचे असतात. त्यांना पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी दोन्ही चालतं. उघड्या फोममध्ये बारीक गोल मणी दिसले तर तो पॉलिस्टायरीन. त्याला फक्त इपॉक्सी. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन तो फोम विरघळवून खड्डा पाडतं. आणि आधीची दुरुस्ती इपॉक्सीची असेल तर तिच्यावर पॉलिएस्टर नीट धरत नाही, हेही लक्षात ठेवा.

काम मोकळ्या हवेत करा. रेझिनच्या वाफेसाठी रासायनिक वाफा अडवणारा मास्क, घासताना धुळीचा मास्क, हातमोजे, लांब बाह्या आणि चष्मा हवाच. पॉलिएस्टरच्या हार्डनरचा, म्हणजे रेझिन कडक करणाऱ्या रसायनाचा, एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

खोक भरा

खोकीभोवतीचा चार-पाच सेंटिमीटर भाग 80 नंबरच्या सँडपेपरने घासून त्याची चमक घालवा. रेझिनमध्ये मायक्रोबलून्सची (सूक्ष्म पोकळ गोळ्यांची) पूड कालवून चमच्यावरून घसरणार नाही इतकं घट्ट मिश्रण करा. पॉलिएस्टरला हार्डनर वजनाने साधारण 1 ते 2 टक्के लागतं. हवा गरम असेल तर कमी, थंड असेल तर थोडं जास्त; पण डब्यावरची मर्यादा पाळा. इपॉक्सीचं प्रमाण मात्र हवा बघून बदलायचं नसतं. एका वेळी थोडंच कालवा. खोल भांड्यात बरंच रेझिन राहिलं तर ते आपोआप तापून धुरायला लागतं, पेटूही शकतं.

भराव घट्ट झाला की आजूबाजूच्या कवचापेक्षा किंचित खाली येईपर्यंत घासा. मग 4 किंवा 6 औंसी फायबरग्लास कापडाचे दोन तुकडे कापा: एक खोकीएवढा, दुसरा सगळीकडून दोन-तीन सेंटिमीटर मोठा. कापड ठेवून रेझिन ओता आणि प्लास्टिकच्या पट्टीने मधून बाहेर ओढत न्या. पांढरं कापड रेझिन पिऊन डोळ्यांदेखत पारदर्शक होतं. पांढरे ठिपके राहिले असतील तिथे हवा अडकली आहे, पुन्हा पट्टी फिरवा. पॉलिएस्टरचं लॅमिनेटिंग रेझिन वरून चिकटच राहतं. ते बिघडलेलं नसतं. त्यावर मेण मिसळलेल्या सँडिंग रेझिनचा हात दिला की घासण्याजोगा थर मिळतो.

सुटलेल्या पापुद्र्याच्या दोन टोकांना बारीक भोकं पाडा आणि सिरिंजने इपॉक्सी एका भोकातून दुसऱ्यातून बाहेर येईपर्यंत भरा. वर प्लास्टिक पसरून वजन ठेवा.

फिन हलवून पाहा

बुडाशी भेग असेल तर वरवर रेझिन लावून भागणार नाही. वळताना सगळा जोर तिथेच येतो. फिन कापून काढा, खालचा फोम वाळवा, मग तो स्ट्रिंगरच्या रेषेत, बरोबर काटकोनात उभा करून दोन्ही कडांना टेपने ताणून बांधा. बुडाशी रेझिनमध्ये भिजवलेले फायबरग्लासचे धागे बसवा आणि दोन्ही बाजूंनी कापड चढवा.

घासायचं किती?

दुरुस्तीची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत. 80, 120, 220 असे चढत जा. चमक हवी असेल तर 400 आणि 600 चा वॉटर पेपर पाणी घालून वापरा. कापडाची वीण दिसू लागली तर लगेच थांबा, कवच पातळ होतंय. निर्मात्याचं चिन्ह बहुधा पातळ कागदावर छापून रेझिनखाली बसवलेलं असतं, त्याच्या आसपास हात हलका ठेवा. ठिगळं दिसतील. दिसू द्यात, मला तरी ती रंगाच्या थरापेक्षा शंभरपट आवडतात.

पाण्यात

वास पूर्ण जाईपर्यंत थांबा, मग मेण लावा. जुन्या बोर्डावर लीशची सोय नसेल तर लीश कप, म्हणजे ती अडकवायची छोटी वाटी, बसवून घ्या. इतकी जड फळी सुटून किनाऱ्याकडे गेली तर दुसऱ्याला गंभीर इजा होते. सुरुवात लहान, मऊ लाटांवर करा. एका फिनचा लांब बोर्ड मागे सरकून शेपटावर भार दिला की वळतो. वळण पूर्ण होऊ द्या, मग दोन पावलं पुढे या. त्याला घाई चालत नाही.

बाहेर आल्यावर बोर्ड पुसून वजन करा. आकडा वाढला असेल तर कुठेतरी भेग राहिली आहे: दुरुस्तीच्या कडा टिचकी मारत तपासा, आणि ती सापडून बंद होईपर्यंत बोर्ड पाण्याबाहेर ठेवा.