सोसायटीची सभा: काही जण खोलीत, काही जण फोनवर

गेल्या पावसाळ्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची सभा होती. वरच्या मजल्यावरचे काका मुलाकडे न्यू जर्सीला होते, म्हणून त्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. फोन बिस्किटांच्या ताटलीला टेकवून ठेवलेला, वर पंखा, बाहेर पाऊस. काका ‘माझ्या बेडरूमचं छत गळतंय’ असं सांगत राहिले आणि ते कुणालाच ऐकू गेलं नाही. इतिवृत्तात मी लिहिलं, ‘कोणाचीही हरकत नाही.’ दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, तेव्हा फार वाईट वाटलं. तेव्हापासून आम्ही पद्धत बदलली.

वेळ ठरवताना बाहेरगावच्या सभासदांचं घड्याळ आधी बघा. आपले संध्याकाळचे ७ म्हणजे दुबईत साडेपाच, न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ. आपली नेहमीची, सगळे लोकलने घरी पोचल्यावरची रात्री ९ ची वेळ दुबईला चालते. पण न्यू जर्सीत तेव्हा ऑफिसची वेळ असते, म्हणून रविवार बरा. लिंक, विषयपत्रिका आणि कंत्राटदारांची कोटेशनं नोटिशीसोबतच पाठवा. खोलीत हातोहात फिरणारा कागद फोनवरच्या माणसाला दिसत नाही.

आता आवाज. चित्र धूसर असलं तरी सभा चालते, आवाज गेला की संपलीच. खोलीत एकाच लॅपटॉपचा माइक आणि स्पीकर चालू ठेवा. बाकी कुणी त्याच कॉलवर असेल तर त्याने दोन्ही बंद ठेवायचे, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि घुमायला लागतो. लॅपटॉप टेबलाच्या मधोमध ठेवा आणि सगळ्यांना जवळ बसवा: माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की पोचणाऱ्या आवाजाची ऊर्जा साधारण पावपट उरते. पंखा मंद करा, रस्त्याकडची खिडकी लावा. सभेच्या आधी १५ मिनिटं बाहेरच्या एकाला जोडून, कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बोलून बघा. झूमच्या मोफत खात्यावर सभा ४० मिनिटांनी तुटते. गूगल मीटवर तिघे किंवा जास्त असले तर ६० मिनिटांनी. ऐन मतदानात तुटू नये म्हणून दुसरी लिंक तयार ठेवा.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे: खोलीतला एक जण फक्त फोनवरच्यांसाठी नेमा. तो अध्यक्ष नको आणि इतिवृत्त लिहिणारा तर नकोच, कारण दोन्हीकडे लक्ष राहत नाही. कुणी हात वर केला, चॅटमध्ये लिहिलं किंवा कुणाचं नेट गेलं, की त्याने मोठ्याने म्हणायचं, “थांबा, काकांना बोलायचंय.” आमच्याकडे हे काम दुसऱ्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी करते, आणि तिने थांबवलं की अध्यक्षसुद्धा थांबतात.

प्रत्येक विषयावर आधी फोनवरच्यांना विचारा. खोलीतले बोलायला लागले की मध्ये शिरायला त्यांना फट मिळत नाही. बोलण्याआधी प्रत्येकाने “मी ३०२ मधून” असं सांगायचं. शेजारच्याशी कुजबुज नको; तिकडे नुसता गलका ऐकू येतो.

मत हात वर करून घेऊ नका. फ्लॅट नंबर पुकारा, उत्तर मोठ्याने घ्या आणि लगेच लिहा. कुणाचा कॉल तुटला असेल तर साधा फोन लावा. सर्वसाधारण सभा असेल, तर ऑनलाइन हजेरी गणपूर्तीत आणि मतदानात धरायची का, हे नोटीस काढण्याआधीच उपनिबंधक कार्यालयात लेखी विचारा. ठराव झाल्यावर वाद नको.

ठरलेल्या गोष्टी, कोण काय करणार आणि कधीपर्यंत, हे उठण्याआधी चॅटमध्ये टाका आणि वाचून दाखवा. कॉल बंद झाल्यावर चहा घेताना जे बोलणं होतं, त्यातून काही ठरवू नका. तो विषय पुढच्या सभेत घ्या. आणि लॅपटॉप मिटण्याआधी फोनवरच्या प्रत्येकाला नावाने विचारा, “तुमचं काही राहिलंय का?” उत्तर येईपर्यंत थांबा, कारण त्यांना माइक चालू करायला दोन क्षण लागतात.