एजंटसमोर दहा मिनिटं मिळाली की होणाऱ्या चुका (या टाळा, पुस्तक वाचेल)

थंडी सुरू झाली की लिटफेस्ट, संमेलनं, लेखकांच्या कॉन्फरन्स यांचा सीझन सुरू होतो आणि मला आमच्या कोल्हापुरातनं फोन यायला लागतात, ताई एजंटची अपॉइंटमेंट मिळालीय, दहाच मिनिटं आहेत, काय बोलू? यंदा असे पाच फोन आले म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी स्वतः एजंटसमोरच्या खुर्चीत तीनदा बसलेय, पहिल्यांदा सगळं चुकलं होतं, आणि ज्या चुका मी केल्या त्याच आपल्याकडची चांगली चांगली लिहिणारी माणसं करताना बघते तेव्हा फार वाईट वाटतं, कारण पुस्तक चांगलं असतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. मराठीत एजंट ही पद्धतच नाही, आपण बाड घेऊन थेट प्रकाशकाकडं जातो. इंग्रजीत मात्र लेखक आणि प्रकाशक यांच्यामधला माणूस म्हणजे लिटररी एजंट, तो तुमचं पुस्तक योग्य संपादकापर्यंत नेतो, करार बघतो, घासाघीस करतो आणि तुम्हाला जे पैसे मिळतील त्यातनं आपलं कमिशन घेतो, देशातल्या व्यवहारावर साधारण 15 टक्के आणि परदेशी किंवा अनुवादाच्या हक्कांवर साधारण 20 टक्के. आता कोल्हापुरातली पोरं थेट इंग्रजीत लिहायला लागलीत, काहीजण आपल्या मराठी कादंबरीचा अनुवाद करून घेतायत, आणि 2025 चं इंटरनॅशनल बुकर आपल्या शेजारच्या कन्नडमधल्या कथांना मिळाल्यापासून भारतीय भाषांकडं बघायची नजर बदललीय, त्यामुळं हे शिकून घ्यायची वेळ आलीय असं मला मनापासनं वाटतं.

सगळ्यात मोठी चूक: नुसती खडाखडी

खासबागेत कुस्ती बघितलीय ना? दोन पैलवान मनगटं धरून, मानेवर हात टाकून एकमेकांचा अंदाज घेत राहतात, त्याला खडाखडी म्हणतात, आणि ती लांबली की लोक ओरडायला लागतात, अरे कुस्ती करा! पिचमध्ये, म्हणजे एजंटला आपलं पुस्तक थोडक्यात सांगताना, आपल्यापैकी दहातले नऊजण दहाच्या दहा मिनिटं खडाखडीच करतात.

माझी कादंबरी गुऱ्हाळावर आहे. पहिल्या वेळी मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय. आठ वर्षं अभ्यास केला, पंचगंगेच्या काठचा ऊस, कोल्हापुरी गूळ कसा नावाजलेला, माझे आजोबा गूळ मार्केटला अडत्याकडं कसे जायचे, गावगाडा कसा मोडला, स्त्रीचं दुःख, मातीशी नातं, हे सगळं सांगण्यात सहा-सात मिनिटं गेली. समोरच्या बाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘पण तिचं होतं काय?’ मी तोंड उघडलं आणि वेळ संपल्याची बेल वाजली.

दोन वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी तीच कादंबरी मी अशी सांगितली: नवरा गेल्यावर बत्तीस वर्षांची एक बाई गुऱ्हाळ चालवायला घेते. दिरानं जमिनीवर कर्ज काढून ठेवलंय आणि एका हंगामात ते फेडलं नाही तर जमीन जाणार. पण काहिलीतला पाक नेमका कधी उतरवायचा हे ज्याला कळतं तो एकुलता एक गुळव्या दिराचा माणूस आहे, आणि तो दोन मिनिटं जरी उशीर करायला लागला तर तिचा सगळा गूळ बिघडणार. बास. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. एजंटनं पुढं झुकून विचारलं, ‘मग तो गुळव्या शेवटी कुणाच्या बाजूनं जातो?’ आणि पुढची नऊ मिनिटं ते विचारत होते, मी सांगत होते. शेवटी म्हणाले, पहिली पन्नास पानं पाठवा.

अभ्यास तोच, आजोबा तेच, बाई तीच. फरक एवढाच की पहिल्या वेळी मी विषय सांगितला आणि दुसऱ्या वेळी गोष्ट. कोण आहे, तिला काय पाहिजे, आडवं काय येतंय, नाही जमलं तर काय गमावणार, एवढ्या चार गोष्टी पहिल्या मिनिटाभरात आल्याच पाहिजेत, त्याच्या आगंमागं पुस्तकाचं नाव, प्रकार आणि शब्दसंख्या. दहा मिनिटांत तुमचं पुस्तक कुणीही विकत घेत नाही हो, एजंटला फक्त एवढंच ठरवायचं असतं की याची पानं मागवायची का नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते.

सराव कुणापुढं करायचा? लेखक मित्रांपुढं अजिबात नको, ते शैलीवर बोलतात. मी माझ्या चुलत बहिणीला रंकाळ्यावर घेऊन गेले, तिला वाचायची आवड नाही, तिच्या हातात भेळ दिली आणि फोनवर टायमर लावला. जिथं ती भेळीत बघायला लागली ते वाक्य मी काढून टाकलं. जिथं तिनं खाणं थांबवून ‘मग?’ म्हटलं ते वाक्य वर आणलं. असं चार संध्याकाळी केलं. पाठांतर मात्र करू नका, पाठ केलेलं एक वाक्य विसरलं की पुढचं सगळं जातं, त्यापेक्षा एका कार्डावर चार शब्द लिहून न्या, कार्डाकडं बघितलं तर कुणी नावं ठेवत नाही.

पुस्तक पूर्ण नसताना जाणं

कादंबरी असेल तर ती पूर्ण, एकदा तरी नीट पुनर्लेखन झालेली पाहिजे. गडहिंग्लजकडच्या एका मुलाचं पिच इतकं छान झालं की एजंटनं अख्खं बाड मागवलं, आणि याच्याकडं साठच पानं. पुढं चौदा महिने तो घाईघाईत लिहीत राहिला, पाठवलं तेव्हा उत्तरच आलं नाही. ललितेतर पुस्तकाचं वेगळं आहे, चरित्र, इतिहास, खाद्यसंस्कृती असं काही असेल तर पूर्ण पुस्तक लागत नाही, प्रपोजल लागतं, म्हणजे पुस्तक कशाबद्दल, कोण वाचणार, तुम्हीच का लिहिणार, प्रकरणांची यादी आणि नमुन्याची दोन-तीन प्रकरणं.

आणि ‘माझं बाड चारशे पानांचं आहे’ असं सांगू नका. फुलस्केपची पानं का वहीची, समोरच्याला कळत नाही. शब्द सांगा. इंग्रजी कादंबरी साधारण 80 हजार ते 1 लाख शब्दांत असली तर कुणाच्या भुवया वर जात नाहीत, अडीच लाख शब्द म्हटलं की जातात. मराठी प्रकाशकाशी बोलतानाही शब्दच सांगा, डेमी आकाराच्या एका पानात अडीचशेच्या आसपास शब्द बसतात, त्यावरनं तो लगेच पानं आणि खर्च काढतो.

मोठ्या नावांशी तुलना

आपलं गाव खांडेकरांचं, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ 1974 चं, ते याच गावात आलं, त्यामुळं आपल्याला वाटतं मोठं नाव घेतलं की वजन पडेल. उलट होतं. एजंट विचारतो की तुमच्या पुस्तकासारखी पुस्तकं कुठली, तेव्हा त्याला गेल्या चार-पाच वर्षांतली, साधारण तुमच्या जातकुळीतली दोन पुस्तकं ऐकायची असतात, कारण त्यावरनं त्याला वाचक कोण ते दिसतं. त्यासाठी नवीन वाचायला लागतं. करवीर नगर वाचन मंदिरात जा, 1850 पासनंची लायब्ररी आपल्या गावात आहे, नवीन आलेल्या पुस्तकांसमोर एक दुपार घालवा. ‘आठ ते ऐंशी सगळ्यांसाठी आहे’ हेही बोलू नका, सगळ्यांसाठी म्हटलं की एजंटला एकही वाचक दिसत नाही.

हक्कांचा घोळ (हे मराठी लेखकांनी नीट वाचा)

तुमची कादंबरी मराठीत आधीच आलीय आणि तुम्ही तिचा इंग्रजी अनुवाद घेऊन एजंटकडं जाताय, तर पहिला प्रश्न येतो की अनुवादाचे हक्क कुणाकडं? इथं आपले भलेभले गप्प होतात, कारण करार कपाटात असतो आणि तो कधी वाचलेलाच नसतो. जायच्या आधी काढा आणि वाचा. त्यात फक्त मराठी छपाईचं लिहिलंय का अनुवाद, ऑडिओ, सिनेमा सगळंच देऊन टाकलंय ते बघा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात एक कामाची तरतूद आहे, कलम 19 प्रमाणं करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरतात. करार जुना असेल तर ओळखीच्या वकिलाला दाखवा. अनुवादकाशीही कागद करून ठेवा, कारण अनुवादावर त्याचा स्वतःचा कॉपीराइट असतो, नुसतं ‘आपलंच माणूस आहे’ म्हणून चालत नाही.

याच्या उलटी भीती म्हणजे कल्पना चोरतील म्हणून गोष्टच न सांगणं. एकजण एजंटला म्हणाला, शेवट सांगणार नाही, आधी सही करा. संभाषण तिथंच संपलं. कायदा कल्पनेला नाही, लिहिलेल्या मजकुराला संरक्षण देतो, आणि ते लिहिल्याक्षणी मिळतं, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, हयात आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतं. तुमच्यासारखं तुम्हीच लिहिणार आहात, सांगा बिनधास्त.

पैसे मागितले तर उठा

खरा एजंट वाचायचे पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशन फी, एडिटिंग पॅकेज, ‘आंतरराष्ट्रीय प्रमोशन’ असलं काही पहिल्याच भेटीत निघालं तर नमस्कार करून उठायचं. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी एका ठिकाणी असे पैसे भरलेत, बिलात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचेसुद्धा पैसे लावले होते, आणि आयएसबीएन भारतात फुकट मिळतो हे मला नंतर कळलं, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी तो देते. पुस्तकांचे खोके घरी आले, माळ्यावर गेले, आईनं त्यावर जुनी चादर घातली. त्या खोक्यांकडं बघून मला अजून त्रास होतो, म्हणून हे परत परत सांगते. स्वतःच्या पैशानं पुस्तक काढणं यात कमीपणा काही नाही, पण ते तसं ठरवून, छापखान्यात जाऊन भाव काढून करा, एजंट समजून कुणाच्या हातात पैसे देऊ नका.

समोर बसल्यावर अडकलात तर

घसा कोरडा पडला, शब्द फुटेना, तर सरळ सांगा की मी जरा घाबरलेय, एक मिनिट द्या. समोरचा माणूसच असतो, दिवसभरात त्यानं असे पंधरा-वीस चेहरे बघितलेले असतात. इंग्रजी अडखळत असेल तर छोटी वाक्यं बोला, जड शब्द नकोत, पुस्तकाचा अनुवाद चांगला असेल तर तुमच्या बोलण्यातल्या व्याकरणाला कुणी मार्क देत नाही. एजंटनं मध्येच तोडून प्रश्न विचारला तर ‘तेच सांगतोय’ म्हणून आपलं घोडं पुढं दामटू नका, प्रश्न आला म्हणजे त्याला रस आहे, उत्तर द्या. आणि ‘हे माझ्यासाठी नाही’ म्हणाला तर वाद घालू नका, उरलेल्या पाच मिनिटांत विचारा की कुठं कमी पडलं, किंवा असं पुस्तक कोण बघतं. माझ्या तिसऱ्या भेटीत मला सगळ्यात उपयोगी नाव असंच मिळालं.

बाडाची प्रिंट पिशवीतनं काढून त्याच्या हातात कोंबू नका, त्याला विमानानं परत जायचं असतं. जेवणाच्या रांगेत, वॉशरूमच्या दाराशी गाठू नका. आपल्याकडं संमेलनातल्या ग्रंथप्रदर्शनात स्टॉलवरच्या प्रकाशकाच्या बाबतीतही हेच, रविवारी संध्याकाळी गर्दीत तो बिलं फाडत असतो तेव्हा तुमची कविता ऐकवायची ती वेळ नव्हे. सकाळी स्टॉल उघडताना जा, संपादक कोण बघतात ते विचारा, एक पानाचा सारांश द्या आणि निघा.

नंतरचा मेल

इथं निम्मे लोक हरवतात. एजंटनं पानं मागितली या आनंदात आठवडाभर सगळ्यांना फोन होतात आणि मेल जातो महिन्यानं, तोवर त्याला तुमचा चेहराही आठवत नाही. आठवड्याच्या आत पाठवा. सब्जेक्टमध्ये कॉन्फरन्सचं नाव, पुस्तकाचं नाव आणि ‘तुम्ही मागितलेली पानं’ एवढं असू द्या. पन्नास पानं मागितली तर पन्नासच, मधली चांगली प्रकरणं निवडून नव्हे तर पहिल्यापासनं. वर्ड फाइल, मोबाइलवर काढलेले फोटो नकोत. मराठी मजकूर प्रकाशकाला पाठवताना युनिकोडमध्येच पाठवा, डीटीपीवाल्यानं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर समोरच्याच्या स्क्रीनवर नुसती चिन्हं दिसतात आणि तो ते बंद करून पुढचं उघडतो. पाठवायच्या आधी फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

मग थांबा. दीड-दोन महिने काही उत्तर नाही आलं तर दोन ओळींचा मेल करा, त्याच्या आधी नको, आणि व्हॉट्सॅपवर गुड मॉर्निंग तर नकोच. या काळात दुसऱ्या एजंटांना पाठवायला हरकत नाही, फक्त एकानं होकार दिला तर बाकीच्यांना लगेच कळवा. मी एक साधी वही ठेवलीय, कुणाला, कुठल्या तारखेला, किती पानं पाठवली, काय उत्तर आलं. गुऱ्हाळाच्या कादंबरीचे त्या वहीत अकरा नकार आहेत. बाराव्या नावापुढं ‘पूर्ण बाड मागितलं’ असं लिहिलंय, तारीख गेल्या महिन्यातली आहे.