स्टेशनभोवतीचा विकास: लोकांचा विरोध ओढवून घेणाऱ्या या चुका टाळा

रेल्वे किंवा मेट्रो स्टेशनजवळ नव्या इमारती उभारताना सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आराखडा पक्का झाल्यावर लोकांना बोलावणे. इमारतींची उंची ठरलेली, नकाशा रंगवलेला आणि मग हरकती-सूचना मागवायच्या! अशा वेळी लोकांच्या हाती विरोधाशिवाय काय उरते?

अमेरिकेतल्या ऑकलंड शहरात हेच घडले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रुटव्हेल स्टेशनजवळ बहुमजली पार्किंग बांधायचे ‘बार्ट’ या रेल्वेसंस्थेने ठरवले. त्याने स्टेशन आणि शेजारची बाजारपेठ एकमेकांपासून तुटली असती, म्हणून वस्ती विरोधात गेली. पण ‘युनिटी कौन्सिल’ ही तिथलीच संस्था नुसत्या नकारावर थांबली नाही. तिने रहिवाशांसोबत बसून इथे काय हवे हे ठरवले. २००४ मध्ये त्या जागी घरे, दुकाने, दवाखाना आणि ग्रंथालय असलेले ‘फ्रुटव्हेल व्हिलेज’ सुरू झाले. विरोध करणारेच प्रकल्पाचे कर्ते झाले, ही मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

दुसरी चूक: काय बदलणार तेवढेच सांगणे. लोकांना आधी काय बदलणार नाही ते ऐकायचे असते. अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टनने रॉसलिन ते बॉलस्टन या मेट्रोपट्ट्यात उंच इमारती स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरात ठेवल्या, पुढे उंची उतरती केली आणि मागच्या बैठ्या घरांच्या वस्त्या तशाच राखल्या. उंच इमारती कुठे थांबणार, ही हद्द नकाशावर असली पाहिजे आणि ती पाळलीही गेली पाहिजे. एकदा मोडली की पुढचा शब्द कोणी मानत नाही.

सभेला बहुतेक घरमालकच येतात. भाडेकरू, पाळीत काम करणारे आणि रोजचे प्रवासी येत नाहीत. खरे तर जवळ घर मिळाले तर फायदा त्यांचाच. त्यांना गाठायचे तर गर्दीच्या वेळी फलाटावर जा. भाडे वाढून इथून जावे लागेल, ही भाडेकरूंची भीती खरी असते. परवडणारी घरे किती आणि कोणाला, हे लेखी द्या.

एफएसआयचे, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल याचे, आकडेही पुढे करू नका. फुटपाथवरून रस्ता कसा दिसेल ते चित्र दाखवा.

विरोध आधीच पेटला असेल तर मोठी सभा टाळा. गल्लीनिहाय छोट्या बैठका घ्या, प्रत्येक हरकत आणि तिचे उत्तर जाहीर करा. नव्या इमारतीची वाट न पाहता स्टेशनकडे जाणारा फुटपाथ, दिवे आणि रस्ता ओलांडायची सोय आधी करून द्या.